कारखाने गेले म्हणून शहर बुडत नाही

‘मजुरी वाढली, संप झाले, म्हणून कारखाने गेले. कारखाने गेले की शहर संपलं. मागे उरतात ती नुसती सेवाक्षेत्रातली कामं, त्यातून संपत्ती तयार होत नाही.’ हा दावा सगळीकडे फिरतोय, आणि पुराव्याला अमेरिकेतलं मोटारींच्या कारखान्यांचं शहर डेट्रॉईट आहेच.

डेट्रॉईटची पडझड खरीच. 1950 मध्ये साधारण 18.5 लाख वस्ती, 2010 मध्ये जेमतेम 7 लाख, 2013 मध्ये दिवाळखोरी. पण कारखाने न्यूयॉर्कमधूनही गेले. 1975 मध्ये ते शहरही दिवाळखोरीच्या दारात होतं; आज तिथे 80 लाखांहून जास्त लोक राहतात. मग फरक कुठे पडला? अर्थतज्ज्ञ बेंजामिन चिनिट्झ यांनी 1961 मध्येच न्यूयॉर्क आणि पिट्सबर्गची तुलना करून याचा धागा दाखवला होता. न्यूयॉर्कचा मोठा धंदा कपड्यांचा, तोही छोट्या मालकांचा. अशा मालकाला वाहतूक, दुरुस्ती, गोदाम, कर्ज सगळं बाहेरून घ्यावं लागे. त्यामुळे ही कामं करणारे शहरात भरपूर होते आणि नवा धंदा काढणाऱ्यालाही ते मिळत. पिट्सबर्गच्या पोलाद कंपन्या बरंचसं घरातच उरकत. नवख्याच्या हाती फारसं काही लागत नसे.

संपांचं म्हणाल, तर ते अर्धसत्य आहे. 1956 मध्ये कंटेनर वाहतूक सुरू झाली. कंटेनर उतरवून ठेवायला ऐसपैस मोकळी जागा लागते, ती न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागातल्या चिंचोळ्या धक्क्यांवर नव्हती. माल नदीपलीकडे शेजारच्या न्यू जर्सी राज्यात गेला, आणि तिथले गोदी कामगारही त्याच युनियनचे होते!

‘सेवेतून संपत्ती नाही’ हे तर साफ चूक. परदेशी जहाजमालक लंडनमध्ये विमा उतरवतो, तेव्हा पोलाद विकल्यासारखाच बाहेरचा पैसा शहरात येतो.

एक दुखणं मात्र खरं आहे, आणि शहरांच्या पुनरुज्जीवनाचं कौतुक करणारे ते सहसा टाळतात. गोदीतला हमाल उद्या बँकेत अधिकारी होत नाही. नव्या कामांचे पगार चढतात तशी घरभाडीही चढतात, आणि नवी घरं बांधूच दिली नाहीत, तर वाढलेल्या पगाराचा मोठा वाटा जमीनमालकाच्या खिशात जातो. शेतजमिनीच्या खंडाबद्दल अर्थतज्ज्ञ डेव्हिड रिकार्डोने 1817 मध्ये जवळपास हेच मांडलं होतं. त्या हमालासाठी भांडायचं तर घरांसाठी भांडा. कारखाना परत आणून भाडं उतरणार नाही.