सुया येतात म्हणजे चायनीज काढे पण येतात? नाही हो

"ॲक्युपंक्चरवाले चायनीज काढे पण देऊ शकतात, झाडपालाच तो, काय होणारे" असा मेसेज फिरतोय. मी स्वतः सुया टोचते म्हणून सांगते, हे दोन वेगळे अभ्यास आहेत, अमेरिकेत तर काढ्यांची परीक्षासुद्धा वेगळी असते. आणि झाडपाल्याचं म्हणाल तर १९९०-९२ ला बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या गोळ्यांत 'फांग जी' या वनस्पतीऐवजी 'ग्वांग फांग जी' गेली, नावं सारखी पण दुसरीत ॲरिस्टोलोकिक ॲसिड हे किडनीला घातक विष, १०० च्या वर बायकांच्या किडन्या खराब झाल्या. काढ्यात वापरतात ते फूझी म्हणजे आपल्या बचनागाचाच भाऊ, नीट उकळला नाही तर सरळ विष. वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असताना दानशेन हे चायनीज मूळ दिलं तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि ही गोळी चालू आहे हे पेशंट विचारल्याशिवाय सांगतच नाही!