आमच्या बाळाला झोपू द्याल का?

डिसेंबर लागला की गोव्यात, आमच्या बार्देश तालुक्यात रात्र होतच नाही. नऊ महिन्यांची लेक दीड तास खांद्यावर घेऊन फेऱ्या मारल्यावर कशीबशी झोपते आणि साडेदहाला भोंग्यांचं धडाड्धूम! खिडकीच्या काचा थरथरतात, पाळणा हलतो, पोर किंचाळून उठते. हे रोजचं. नाताळला नव्हे, एकतीसलाच नव्हे, रोज!

कायदा नाही असंही नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर भोंगे बंद, निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल. मग पोलिसांना फोन केल्यावर "बघतो" एवढंच का ऐकायचं? पहाटे तीनपर्यंत काय बघतात?

आणि कुणी सांगू नये की आम्हाला सण नको. साखळीची दत्तजयंती आम्ही चुकवत नाही. जत्रेतलं नाटक रात्रभर चालतं, मान्य, पण ती गावाची एक रात्र असते, सगळं गाव जागं असतं. शेजारच्या मावशी नाताळात नेवऱ्या-दोदोलचं ताट पाठवतात, आम्ही दिवाळीत फोव पाठवतो. यात कुणाची झोप मोडली कधी?

नवरा सकाळी सातच्या बसने पणजीला जातो, डोळे लाल. सासूबाईंना रक्तदाब. तान्ह्या पोराच्या कानात कापूस कोंबायचा का आम्ही? घर आमचं, गाव आमचं, आणि थंडीचे चार सुखाचे दिवस खिडक्या लावून, गोधड्या अडकवून काढायचे?

आत्ताही वाजतंय. पावणेदोन झालेत. उठली परत.