कोटिंगवाल्या सुरीला धार लावता येत नाही म्हणे!

एक पोस्ट सध्या सगळीकडे फिरतेय. टायटॅनियम नायट्राइड किंवा डीएलसी (हिऱ्यासारखा कठीण कार्बनचा थर) अशा कोटिंगच्या सुरीला आयुष्यभर धार लावावी लागत नाही, कारण कोटिंग स्टीलच्या तिप्पट कठीण असतं. त्यामुळे साधा दगड त्यावर चालतच नाही, आणि तरी कुणी घासलीच तर कोटिंग निघून सुरी वाया जाते. हे वाचून लोक बोथट सुऱ्या तशाच रेटतायत आणि बोथट सुरी जोर लावला की सटकून बोटावर येते, म्हणून लिहितोय.

तिप्पट कठीण हे खरंय. विकर्स या कठीणपणाच्या मापात टायटॅनियम नायट्राइड २०००च्या वर जातं, सुरीचं कडक केलेलं स्टील साधारण ६०० ते ७५०. पण पोस्टमध्ये जाडी कुठे लिहिलीये? हा थर असतो १ ते ५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आपला केस त्याच्या कितीतरी पट जाड. आणि मुख्य मुद्दा, बहुतेक सुऱ्यांना कोटिंग आधी चढवतात आणि धार शेवटी लावतात. तुमची काळी सुरी उजेडात तिरकी धरून बघा, कडेला जी चकचकीत बारीक पट्टी दिसते ना, ते उघडं स्टील आहे. कापतं ते हेच, मग वरच्या कोटिंगमुळे धार आयुष्यभर टिकणार कशी?

मग धारेवरच का नाही चढवत? कारण चांगल्या धारेचं टोक १ मायक्रॉनपेक्षाही बारीक असतं, त्यावर दोन्हीकडून २-२ मायक्रॉनचा थर दिला तर टोक गोल होऊन बसेल. शिवाय आतलं स्टील त्यामानाने मऊ, दाब आला की ते दबतं आणि वरचा थर अंड्याच्या कवचासारखा तडकतो. दाढीच्या ब्लेडला धारेवर थर देतात, पण तो मायक्रॉनपेक्षाही खूप पातळ, आणि ब्लेड आपण धार न लावता फेकूनच देतो.

आता साधा दगड. त्यातला ॲल्युमिनियम ऑक्साइड कोटिंगच्या जवळपासच कठीण असतो, सिलिकॉन कार्बाइड त्याहून जास्त. डीएलसी कधीकधी याहूनही कठीण असतं, डायमंड प्लेट (हिऱ्याचे कण बसवलेली प्लेट) असेल तर काम लवकर होतं हे मान्य, पण अडत काही नाही कारण तुम्ही घासताय ते उघडं स्टील. कोटिंग मध्ये येतं ते फक्त पट्टीच्या वरच्या काठाशी. मी माझ्या काळ्या घडीच्या चाकूला पहिल्यांदा १००० ग्रिटच्या (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचा बारीकपणा) दगडावर घेतलं तेव्हा सुरुवातीला पातं काचेवर सरकल्यासारखं निसटत होतं, कोन जरा जास्त आडवा झाला होता आणि दगड धारेला लागतच नव्हता. भिंगातून बघितलं तर काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर बारीक ओरखडे, धार मात्र होती तशीच. कोन थोडा उचलला आणि काम झालं. म्हणजे कोन तपासायला धारेवर मार्कर फासून तो कुठे पुसला जातो हे बघायचीसुद्धा गरज नाही, काळा रंगच सांगतो दगड कुठे लागतोय.

सुरी वाया जाते म्हणे! धारेजवळची पट्टी थोडी रुंद होते, बाकी पात्यावर कोटिंग असतं तिथेच राहतं आणि गंजापासून वाचवायचं काम करत राहतं. उघडी कड पुसून कोरडी ठेवा, झालं. फक्त पातं दगडावर सपाट झोपवू नका, तिथे मात्र ओरखडे कायमचे.

या दाव्याचं मूळ बहुतेक वेगळ्याच सुऱ्यांमध्ये असावं. काहींना धारेच्या एकाच बाजूला कठीण थर देतात, दुसरी बाजू उघडी. मऊ बाजू झिजते, कठीण बाजू पुढे उरते, धार बराच काळ टिकते. उंदराचे दात असेच काम करतात, पुढे कडक इनॅमल आणि मागे मऊ दंतिन. पण अशी सुरीही कधी ना कधी बोथट होतेच. धारेची पट्टी एका बाजूला रंगीत किंवा खरखरीत आणि दुसऱ्या बाजूला चकचकीत दिसली तर ती यातली समजा, आणि दगड फक्त चकचकीत बाजूने लावा. पलीकडे जी कड वळेल ती चामड्यावर हलक्या हाताने काढा, त्या बाजूने दगड लावलात तर जो थर धार टिकवतो तोच घासून जाईल.