टेप इतक्यात मोडीत काढायला नको होती

‘टेपचे दिवस संपले, आता हार्ड डिस्कवर चित्रण करणारा एव्हीसीएचडी कॅमेराच घ्यावा’ असा सल्ला व्हिडिओ कॅमेऱ्यांवरील एका लेखात दिला होता; हौशी चित्रणकाराच्या दृष्टीने तो मला तेव्हा घाईचा वाटला. सोनी आणि पॅनासॉनिक यांनी 2006 च्या मे महिन्यात जाहीर केलेला एव्हीसीएचडी हा उच्च दर्जाचे चित्रण साठवण्याचा प्रकार एच.264 या पद्धतीने चित्र अधिक दाबून (कॉम्प्रेस करून) साठवतो. त्यामुळे जागा वाचते हे खरे, पण तेच चित्र उलगडून संपादन करताना त्या काळचा घरगुती संगणक अक्षरशः घामाघूम होत असे. एचडीव्ही, म्हणजे टेपवर उच्च दर्जाचे चित्रण करणारे कॅमेरे, मात्र जुन्या मिनीडीव्ही (लहान डिजिटल कॅसेट) टेपवरच 1080 ओळींचे चित्र सेकंदाला 25 मेगाबिट या वेगाने नोंदवत, आणि भरलेली टेप कपाटात ठेवली की मूळ चित्रणाची प्रत आपोआप जपली जाई. टेपवर क्षणभर खंड पडला तर जवळपास अर्ध्या सेकंदाचे चित्र बिघडू शकते, हा दोष मान्य करावाच लागेल.

चित्रण उतरवून ठेवण्याच्या डिस्कच्या बाबतीत तेव्हा दोन प्रकार होते: ब्लू-रेचा एक थर 25 जीबीचा, तर तोशिबाच्या एचडी डीव्हीडीचा (ही 2008 मध्ये बंद झाली) 15 जीबीचा होता. एचडीव्हीच्या तासाभराच्या चित्रणाला सुमारे 11 जीबी लागतात, म्हणून माझा कल ब्लू-रेकडे होता. तरीही रेकॉर्डर आणि कोऱ्या डिस्क यांच्या तेव्हाच्या किमती पाहता, तूर्त संपादित चित्रपट साध्या डीव्हीडीवर उतरवावा आणि मूळ टेपा मात्र पुसू नयेत, एवढेच मी त्या वेळी सुचवले असते.