‘दाढ काढा म्हटलं तर कॅपचं बिल लावलं’: एका स्टारला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू दोनदा वाचला. इतरांसाठी थोडक्यात सांगतो: आईची खालची मोठी दाढ ठणकत होती. ‘काढून टाका’ म्हणालात, आम्ही काढली नाही. रूट कॅनालसाठी, म्हणजे दाढेतली खराब नस काढून आतली पोकळी भरण्यासाठी, तीन चकरा झाल्या आणि शेवटी कळलं की कॅपचे, म्हणजे दाढेवर बसवायच्या टोपीचे, पैसे वेगळे, म्हणून ती बसवलीच नाही. दात साफ केले तर ते हलायला लागले. वर एक दिवस तासभर बाकावर बसून राहावं लागलं.

आईंच्या फाईलमध्ये काय आहे ते मी इथे लिहिणार नाही. पेशंटचं दुखणं चारचौघांत काढायचं नसतं. तुम्ही स्वतः जे लिहिलंय तेवढ्यावरच बोलतो.

आधी कॅप, कारण तिथे चूक आमची आहे. रूट कॅनालचा आकडा पहिल्या दिवशी तोंडी सांगायचा आणि कॅपचा विषय शेवटच्या सिटिंगला काढायचा, ही आमची जुनी खोड. पेशंटला वाटणारच की खुर्चीत बसवून बिल फुगवलं. मलाही तेच वाटलं असतं. आता पहिल्याच दिवशी कागदावर सगळं लिहून देतो: रूट कॅनाल, दाढ बुजवायचं तात्पुरतं सिमेंट, कॅप, आणि कॅपमध्ये मेटल, सिरॅमिक, झिरकोनिया (पांढरा, फार टणक पदार्थ) असे तिन्ही दर. मागच्या दाढेला मेटलची कॅप चांगली टिकते, तीच सगळ्यांत स्वस्त पडते. हसताना दिसते कुणाला!

पण कॅप म्हणजे हौसेचं काम, असं तुमच्या लिहिण्यातून वाटतं, ते मात्र मान्य नाही. कीड खरवडताना आणि नसेपर्यंत वाट करताना दाढेचा बराच भाग जातो. उरतात त्या पातळ भिंती. त्यावर आपल्या सोलापूरचं खाणं: कडक भाकरी, शेंगाचटणी, जेवणानंतर सुपारीचं खांड. अशी दाढ एखाद्या दिवशी उभी चिरते. चीर मुळात उतरली की मग ती काढण्याशिवाय इलाज राहत नाही, आणि तुमच्या तिन्ही चकरा पाण्यात जातात.

‘काढली असती तर स्वस्तात सुटलो असतो’ हे तुमचं वाक्य त्या दिवसापुरतं अगदी खरं आहे. पण खालची पहिली मोठी दाढ सहाव्या वर्षाच्या आसपास येते आणि चावण्याचं मोठं काम तीच ओढते. ती गेली की मागची दाढ हळूहळू मोकळ्या जागेत कलते, वरची खाली उतरू लागते, फटीत घास अडकतो. मग ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला खोटा दात, करायचा तर शेजारचे दोन चांगले दात घासावे लागतात. इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दात, केलं तर खर्च रूट कॅनाल आणि कॅप मिळून होतो त्याच्याही वर जातो. दाढ वाचण्यासारखी नसेल तर मी स्वतःच ‘काढू या’ म्हणतो, रोज काढतोही.

आता तीन चकरा. खालच्या या दाढेला बहुधा दोन मुळं असतात, पण आत नळ्या तीन, कधी चार, आणि त्या केसासारख्या बारीक. प्रत्येक नळीची लांबी मोजायची, फाईल नावाच्या बारीक कानशीने साफ करायची, औषधाने धुवायची. आत पू असेल तर औषध भरून काही दिवस थांबावं लागतं. नंतर गट्टा पर्चा, म्हणजे झाडाच्या चिकापासून केलेला रबरासारखा पदार्थ, भरून नळ्या बंद करायच्या. साधी केस एका बैठकीतही होते. पू असताना घाई केली तर पुन्हा ठणका. भुलीचंही तसंच: सुजलेल्या, पिकलेल्या जागी इंजेक्शन नीट चढत नाही. पहिल्या दिवशी दुखलं असेल तर कारण बहुतेक हेच.

दात हलण्याची तक्रार आठवड्याला एकदा तरी ऐकतो. बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरा थर धरतो ना, तसं लाळेतल्या क्षारांनी दातांवर किटण चढतं. वर्षानुवर्षं साचलं की हिरडी सुटते, आतलं हाड झिजतं, आणि दातांना किटणच एकमेकांशी जखडून ठेवतं. मिश्री लावणाऱ्यांच्या हिरड्या तर आणखी खराब. किटण निघालं की आधीच सैल झालेला दात कळतो. काही दिवस गारगरम झोंबतं, हेही खरं. आम्ही हे साफ करण्याआधी सांगितलं असतं तर तुम्ही घाबरला नसता, एवढं कबूल.

तासभर बसवल्याबद्दल माफी. त्या दिवशी एक शाळकरी पोर पडून पुढचा दात मुळासकट निखळलेलं आलं होतं. असा दात जितका लवकर जागेवर जाईल तितका तगतो. अर्धा-पाऊण तास गेला तरी आशा कमी होत जाते. (घरात कुणाचा पडला तर मूळ घासू नका, दात दुधात टाका आणि पळा.) पण पोराला आत घेतलं हे बाहेर बसलेल्यांना कुणी सांगितलं नाही. तुम्ही चिडलात ते योग्यच होतं.

आईंना घेऊन या. तपासणीचे पैसे नाहीत. चावताना अजून टोचत असेल तर सिमेंट उंच राहिलं असेल, ते दोन मिनिटांत घासून देतो. गाल सुजला असेल तर मात्र आजच या, वेळ घ्यायची गरज नाही. कॅपचा दर आधी कागदावर लिहून देतो, घरी विचार करा, मग ठरवा. फक्त फार दिवस लावू नका. आणि तोवर त्यांना म्हणावं, कडक भाकरी आमटीत कुस्करूनच खा, तीही दुसऱ्या बाजूने.

तुमचा,
दवाखान्यातला डॉक्टर