धाक कुणाला दाखवताय?

इंदूरच्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर पाचवी-आठवीत नापास करावं की नाही यावर जोरात वाद चाललाय. डिसेंबर 2024 मध्ये केंद्राने नियम बदलला: वार्षिक परीक्षेत नापास झालं तर दोन महिन्यांत फेरपरीक्षा, तीही गेली तर त्याच वर्गात बसवता येतं. बहुतेकांचं म्हणणं, 'मुलांना धाक हवाच.' मी इंग्लंडमधल्या लीड्सच्या एका शाळेत साहाय्यक शिक्षिका आहे आणि माझा इंदूरच्या रामबागेतला भाचा यंदा पाचवीत आहे.

सहाव्या वर्षी त्याच्या लहान मेंदूत मेड्युलोब्लास्टोमा या कॅन्सरची गाठ निघाली. ऑपरेशन, डोक्याला आणि मणक्याला रेडिएशन, केमो. पोर वाचलं. पण रेडिएशनने मेंदूतलं निरोप पोचवणारं जाळं दुखावतं, आणि मूल जितकं लहान तितकं जास्त. शिकलेलं सहसा पुसलं जात नाही. नवं शिकण्याचा वेग मंदावतो, त्यामुळे बरोबरीच्या मुलांपासूनचं अंतर वर्षागणिक वाढत जातं. सुट्टीत त्याच्या शेजारी बसून पाहिलं: तीन अंकी गुणाकाराची रीत अचूक, हातचाही विसरला नाही, पण एका गणिताला पंधरा मिनिटं. वहीत शेरा, 'लक्ष नसते, आळस करतो.' त्याच वर्गात पुन्हा बसवून हा वेग वाढणार आहे का?

इंग्लंडमध्ये 2014 च्या कायद्याने अशा मुलासाठी पंचविसाव्या वर्षापर्यंत चालू शकणारा मदतीचा आराखडा करता येतो. तो 20 आठवड्यांत मिळायला हवा, पुष्कळदा मिळत नाही, आईबाप भांडून थकतात. तरी एकदा मिळाला की त्यात लिहिलेली मदत, जसं छापील टिपणं, शांत खोली, हक्काची. आपल्याकडे 2016 च्या दिव्यांग कायद्यातल्या 21 प्रकारांत अशा इजेचा वेगळा रकानाच नाही. चालता-बोलता मुलगा, त्याला सवलत कशाला, असं सहज म्हटलं जातं.

पण आराखड्याने दोस्त मिळत नाहीत. माझ्या शाळेतली अशीच एक मुलगी डबा एकटीच खाते. भाच्याला चुलतभाऊ क्रिकेटला ओढून नेतात, धावा लिहायला बसवतात. हे इंदूरचं मला फार मोलाचं वाटतं. मात्र दहावीनंतर भाऊ पांगतील. अशी मुलं पुढे मैत्रीत, नोकरीत मागे पडतात, हे बऱ्याच देशांत दिसलंय.

म्हणून ग्रुपवरच्या काका-मावश्यांना विनंती: धाकाची भाषा सोडा. बहिणीबरोबर शाळेत जा, डॉक्टरांचं पत्र दर वर्षी नव्या वर्गशिक्षिकेच्या हातात द्या आणि पेपरला जादा वेळ लेखी मागा.