‘एकदा डोक्यावर परिणाम झाला की संपलं’ हे खरं नाही

गेले काही दिवस एक मजकूर सगळीकडे फिरतोय. त्याचा सारांश असा: ‘स्किझोफ्रेनिया, बायपोलर असले आजार कधीच बरे होत नाहीत. अशी माणसं कधी अंगावर येतील सांगता येत नाही. गोळ्यांची सवय लागते, त्यापेक्षा मन खंबीर करावं. आणि अशांवर जबाबदारी टाकू नये.’ मला तो तिघांकडून आला. त्यांतल्या दोघांना माहीत नाही की मला बारा वर्षांपासून बायपोलर आहे. (स्किझोफ्रेनियात नसलेले आवाज ऐकू येतात, भलतेच समज पक्के होतात; बायपोलरमध्ये मन कधी उन्मादात, म्हणजे बेफाम उत्साहात जातं, तर कधी खोल नैराश्यात.) म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘कधीच बरे होत नाहीत.’ अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये मनोरुग्णालयात वर्षानुवर्षं पडून असलेल्या रुग्णांचं पुढे काय झालं, हे कोर्टनी हार्डिंग आणि सहकाऱ्यांनी काही दशकांनी शोधून पाहिलं. १९८७ साली ते प्रसिद्ध झालं. ज्यांच्यावर सगळ्यांनी पाणी सोडलं होतं, त्यांतले निम्म्याहून अधिक लोक बरे झाले होते किंवा खूप सुधारले होते. सगळेच नाही, हेही खरं. पण ‘कधीच’ हा शब्द मात्र साफ खोटा ठरतो.

‘अंगावर येतात.’ आजार ऐन भरात असताना, उपचार नसताना, त्यात दारू किंवा नशा असेल तर धोका वाढतो. हे मी लपवणार नाही. पण १९९८ च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात, रुग्णालयातून घरी गेलेले आणि नशेपासून लांब असलेले रुग्ण आसपासच्या लोकांपेक्षा जास्त हिंसक आढळले नाहीत. उलट तीव्र मानसिक आजार असलेल्यांनाच मारहाण आणि फसवणूक जास्त सोसावी लागते.

गोळ्यांचा मुद्दा मात्र मला झोंबतो, कारण त्यापायी माणसं खरोखर गोळ्या सोडतात. मी लिथियम घेते. जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९४९ मध्ये उन्मादावर त्याचा उपयोग दाखवून दिला, तेव्हापासून ते वापरात आहे. त्याची तलफ येत नाही, नशा चढत नाही. पण मनानेच एकदम बंद केलं तर आजार उसळून परत येऊ शकतो. मी एकदा ते करून पाहिलंय आणि त्याची किंमत दोन महिने रुग्णालयात मोजलीय. त्रास होतात, होय. माझे हात थरथरतात, म्हणून चारचौघांत मी ग्लास अर्धाच भरते आणि दोन्ही हातांनी धरते. ठरावीक काळाने, रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, तपासणीसाठी रक्त द्यावं लागतं. मूत्रपिंड आणि थायरॉइड तपासावे लागतात. हे सगळं डॉक्टरांशी बोलून, डोस कमीजास्त करून निभावता येतं.

‘मन खंबीर करा’ म्हणणाऱ्यांना माझी वही दाखवावीशी वाटते. रोज सकाळी एकच आकडा लिहिते: किती तास झोपले. लागोपाठ दोन रात्री चारच्या आत आकडा आला आणि तरी थकवा नसला, की ती उन्मादाची चाहूल समजून बहिणीला सांगते, डॉक्टरांना फोन करते. त्या भरात पैसे उधळले जाऊ नयेत म्हणून माझं बँकेचं कार्ड तेव्हा बहिणीकडे जातं. हे आम्ही मी बरी असताना ठरवलंय. मन खंबीर असणं माझ्या लेखी एवढंच आहे, आणि ते गोळीच्या जोडीला आहे.

जबाबदारीचं थोडक्यात. एलिन सॅक्स यांना स्किझोफ्रेनिया आहे आणि त्या कायद्याच्या प्राध्यापक आहेत. सगळ्यांना ते जमणार नाही, जमायची गरजही नाही. पण आधी नोकरी मिळवून देऊन मग तिथेच सोबत करत राहिलं, तर नुसत्या प्रशिक्षणापेक्षा जास्त लोक कामात टिकतात, हे अनेक अभ्यासांत दिसलंय.

या मजकुराचा सगळ्यात मोठा घाव आजारी माणसावर बसतो. लोक म्हणतात तेच तो स्वतःबद्दल म्हणू लागतो: मी धोकादायक, मी निकामी, मग प्रयत्न कशाला? माझी दोन वर्षं यात गेली. आमच्यासारख्या रुग्णांच्या स्वमदत गटात एक बाई सहज म्हणाल्या, ‘माझ्या डोक्यातला आवाज आज जरा जास्त बोलतोय, पण मी कामावर जाऊन आले.’ त्या दिवशी मी पहिल्यांदा माझ्या आजाराचं नाव मोठ्याने उच्चारलं.

मजकूर पाठवणाऱ्या त्या दोघांपैकी एकीला काल फोन करून माझं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘माझा भाऊ दीड वर्ष खोलीबाहेर येत नाहीये गं. तुझे डॉक्टर कोण?’ मी नंबर दिला. शनिवारी त्याच्याबरोबर मीही जाणार आहे.